नाण्यांचे मोल सांगणारी पुस्तके

नाणे खरे की खोटे, आणि खरे असल्यास त्याचे मोल किती, हे दोन प्रश्न नाण्याइतकेच जुने आहेत. पेशवाईच्या काळी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकत्र फिरत असत. हातात आलेला रुपया पुऱ्या मोलाचा आहे असे गृहीत धरण्याची सोय नव्हती. पोतदार तो वाजवून पाही, त्याचा कस घेई, आणि चांदी जितकी उणी तितका बट्टा त्यावर बसे. आजही आपल्या बोलण्यात नावाला बट्टा लागतो, तो याच व्यवहारातून आलेला आहे. पोतदाराचे हे ज्ञान त्याच्या बोटांत आणि कानांत असे. बापाकडून ते मुलाकडे जाई. पुस्तकात ते क्वचितच उतरे.

जुनी नाणी जमविणाऱ्या आजच्या संग्राहकाला पोतदाराची जागा पुस्तके भरून देतात. ही पुस्तके दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे पुस्तक नाण्याची ओळख पटवते: राजा कोणता, टांकसाळ कोणती, साल कोणते, लेखात काय म्हटले आहे, वजन किती. दुसऱ्या प्रकारचे पुस्तक त्याच नाण्याची बाजारातील किंमत सांगते. नवख्या संग्राहकाचा हात स्वाभाविकपणेच आधी दुसऱ्या पुस्तकाकडे जातो. परंतु या दोन पुस्तकांचा इतिहास पाहिला, तर किमतीचे पुस्तक ओळखीच्या पुस्तकाच्या खांद्यावर उभे आहे, आणि खालचा आधार काढून घेतला तर वरच्याला उभे राहता येत नाही, हे ध्यानात येते.

हा इतिहास समजून घेण्यास दिल्लीचा दक्षिण भाग फार उपयोगी पडतो. तेथील मुनिरका हे पूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव आता चारी बाजूंनी शहराने वेढले गेले आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेल्या चार-चार मजली इमारती, आणि शेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या, हे त्याचे आजचे रूप. परंतु गावाच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर हौज खास आहे. हा विस्तीर्ण तलाव मुळात अल्लाउद्दीन खिलजीने खोदविला. त्याच्याही पूर्वेस सिरी, म्हणजे अल्लाउद्दीनाने चौदाव्या शतकाच्या आरंभी वसविलेली राजधानी; आणि आग्नेयेस लालकोट व मेहरौली, म्हणजे त्याहूनही जुनी दिल्ली. मुनिरक्याच्या भोवतालच्या या प्रदेशात सहासातशे वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातील एका मोठ्या राज्याचा खजिना साठत होता. त्या खजिन्यातील नाण्यांची पारख करणाऱ्या एका अधिकाऱ्याने जे पुस्तक लिहून ठेवले, ते या जातीच्या वाङ्मयात अभ्यासक एकमेव मानतात.

या अधिकाऱ्याचे नाव ठक्कुर फेरू. तो जैन धर्मीय होता. अल्लाउद्दीनाच्या कोषागारात त्याने चाकरी केली आणि पुढे दिल्लीच्या टांकसाळीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला. मनुष्य व्यवहारी, पण अनेक शास्त्रांत गती असलेला. रत्नांची परीक्षा, वास्तुविद्या, ज्योतिष आणि गणित या विषयांवर त्याने ग्रंथ लिहिले. विक्रम संवत १३७५ मध्ये, म्हणजे इ. स. १३१८ साली, अल्लाउद्दीनाचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारकशाह तख्तावर असताना, त्याने ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. भाषा लोकव्यवहाराला जवळची अशी प्राकृत, गाथा १४९. हा ग्रंथ त्याने आपल्या भावासाठी आणि मुलासाठी लिहिला. पोतदाराने मुलाच्या कानात सांगावयाचे ते फेरूने गाथांत बांधले, एवढाच काय तो फरक.

ग्रंथाचा आरंभ धातूंपासून होतो. सोने आणि चांदी शुद्ध कशी करावी, मिश्र धातूतून चांदी वेगळी कशी काढावी, कस कसा घ्यावा, हे आधी सांगितले आहे. शिसे घालून मिश्र धातू तापविली म्हणजे तांब्यासारखे हीण शिशाबरोबर निघून जाते आणि चांदी मागे उरते, ही क्रिया त्या काळच्या टांकसाळीत नित्याची होती. अशा परीक्षेला ‘चासणी’ म्हणत. आपल्या स्वयंपाकघरात पाकाला लावला जाणारा हा शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ चव, नमुना असा आहे. हलवाई पाकाचा थेंब बोटावर घेऊन पाहतो. टांकसाळीत धातूचा थोडा अंश काढून तो पाहत. दोन्हीकडे कृती एकच.

त्यानंतर ग्रंथाचा गाभा येतो. निरनिराळ्या राज्यांची नाणी एकामागून एक घेऊन फेरू त्यांची नावे, वजने, त्यांतील धातू आणि बदल्याचा भाव देत जातो. अशा नाण्यांची संख्या सुमारे अडीचशेच्या पुढे जाते. खुरासान, मुलतान, गुजरात, माळवा, चंदेरी अशा दूरदूरच्या मुलखांतील नाणी त्यात आहेत. दिल्लीवर पूर्वी राज्य करणाऱ्या तोमर राजांची नाणी आहेत. पूर्वीच्या सुलतानांची आहेत. आणि ग्रंथ लिहिताना चलनात असलेली मुबारकशाहाची गोल आणि चौकोनी नाणीही आहेत. नावे मोठी बोलकी आहेत. दुगाणी, चौगाणी, छगाणी अशी नावे वाचली की बाजारातला हिशेब कानांवर येतो.

त्या काळची बहुतेक लहान नाणी चांदी आणि तांबे यांच्या मिश्रणाची असत. अशा नाण्याचे खरे मोल डोळ्यांनी कळणे कठीण. एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या दोन नाण्यांत एकामध्ये चांदी पुष्कळ, तर दुसऱ्यात नावापुरती, असे सर्रास असे. एकेका नाण्यातली चांदी मोजणे अवघड, म्हणून फेरू शंभर नाण्यांमागे चांदी किती तोळे आणि किती मासे निघते ते सांगतो. कारभाराच्या दृष्टीने हे अगदी सोयीचे होते. परमुलखातून नाण्यांची थैली आली, तर थैलीतील नाणी ओळखावी, मोजावी, आणि कोष्टकावरून तिचे मोल काढावे.

ह्या थैल्या दिल्लीत कशा येत होत्या, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. फेरूच्या ग्रंथात देवगिरीच्या सुवर्णनाण्यांचीही नोंद आहे. अल्लाउद्दीनाने १२९६ साली देवगिरीवर अकस्मात चाल केली आणि रामदेवराव यादवाकडून अपार संपत्ती नेली. पुढेही खंडणीच्या रूपाने हा ओघ चालू राहिला. यादवांचे सोन्याचे नाणे हे मोठे देखणे असे. किंचित खोलगट अशी पातळ चकती, मध्यभागी कमळ, आणि भोवती ठशांनी उमटविलेली श्रीकाराची, शंखाची आणि राजाच्या नावाची मुद्रा. त्या कमळावरूनच त्याला पद्मटंक म्हणत. ज्या सुमारास फेरू आपल्या गाथा लिहीत होता, त्याच सुमारास मुबारकशाहाने देवगिरीवर स्वारी करून यादवांच्या राज्याचा शेवट केला. महाराष्ट्रातील एका राजवंशाचा अस्त होत असताना त्याच्या नाण्यांचा कस दिल्लीत शांतपणे नोंदला जात होता.

ही नोंद कशासाठी होती, हे विसरता कामा नये. फेरूला त्या नाण्यांचे कौतुक नव्हते. कमळ सुंदर आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. परकी नाणी वितळविली तर सोने-चांदी किती हाती येईल, आणि न वितळविता बदलून घ्यावयाची तर कोणत्या भावाने घ्यावी, एवढेच त्याला सांगावयाचे होते. त्याचे पुस्तक हे किमतीचे पुस्तक होते. आणि त्यात नोंदलेली असंख्य नाणी पुढे खरोखरच मुशीत गेली असली पाहिजेत. परंतु मुशीत घालण्यापूर्वी प्रत्येक नाणे ओळखणे भाग होते. म्हणून त्याने नाव दिले, मुलूख दिला, राजा दिला. नाणी वितळली, नावे मात्र राहिली. वितळविण्याच्या सोयीसाठी केलेली यादीच आज त्या नाण्यांची सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरली आहे.

युरोपात या वाङ्मयाचा उगम निराळ्या ठिकाणी झाला. तेथे रोमन नाणी जमविण्याची आवड विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळापासून सरदार आणि पंडित यांच्यात पसरली. चलनातून गेलेले नाणे वितळविण्याऐवजी जपून ठेवावे, असे वाटणारा एक वर्ग तेथे निर्माण झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या एकहेल यांनी प्राचीन नाण्यांची प्रदेशवार शास्त्रशुद्ध मांडणी केली. तिच्यानंतर लगेच, १८०६ पासून, पॅरिसच्या राजकीय नाणेसंग्रहात काम करणाऱ्या मिओने यांचे ग्रीक आणि रोमन नाण्यांचे बहुखंडी वर्णन प्रसिद्ध होऊ लागले. त्यात प्रत्येक नाण्याच्या दुर्मीळतेची पायरी आणि अंदाजी किंमत दिली होती. रोमन नाण्यांची दुर्मीळता आणि किमती यांवर त्यांनी १८१५ साली स्वतंत्र पुस्तकही काढले. फेरूची किंमत नाण्यात धातू किती आहे यावर ठरत होती. मिओने यांची किंमत ते नाणे किती जणांपाशी आहे आणि किती जणांना हवे आहे यावर ठरत होती. तांब्याचे झिजलेले नाणे सोन्याच्या नाण्याहून महाग असू शकते, ही गोष्ट फेरूला वेडेपणाची वाटली असती. संग्राहकाचे सारे जग मात्र तिच्यावरच उभे आहे.

हिंदुस्थानात हे दोन प्रवाह एका माणसाच्या ठायी एकत्र आले. तो माणूस म्हणजे जेम्स प्रिन्सेप. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे विद्वान म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. पण त्यांचा पोटाचा व्यवसाय फेरूचाच होता. बनारस आणि कलकत्ता येथील टांकसाळींत ते धातूंचा कस पाहणारे अधिकारी होते. १८३४ साली त्यांनी ‘उपयुक्त कोष्टके’ या अर्थाच्या नावाने नाणी, वजने आणि मापे यांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत हिंदुस्थानात फिरणाऱ्या नाना तऱ्हेच्या नाण्यांचे वजन, कस आणि मोल दिले होते. ‘द्रव्यपरीक्षे’ची जात आणि या कोष्टकांची जात एकच. पुढच्याच वर्षी, १८३५ साली, कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला, आणि जुन्या रुपयांचे मुशीकडे जाणे सुरू झाले. मात्र प्रिन्सेप यांनी तीच नाणी इतिहासाची साधने म्हणूनही वाचली. एका हाताने कसाचे कोष्टक आणि दुसऱ्या हाताने नाण्यावरील लेखाची नक्कल, असे त्यांचे काम चालले.

प्रिन्सेप यांचे लेख संपादून १८५८ साली पुन्हा छापणारे एडवर्ड थॉमस यांनीच पुढे १८७१ साली दिल्लीच्या पठाण राजांचा इतिहास नाण्यांच्या आधारे लिहिला. त्यानंतर मोठमोठ्या संग्रहांच्या सूची निघू लागल्या. ब्रिटिश म्युझियममधील दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांची लेन-पूल यांची सूची १८८४ साली आली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमची सूची १९०६ पासून खंडशः प्रसिद्ध झाली. १९१० साली अलाहाबादेस भारतीय नाणकशास्त्र परिषद स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी नेल्सन राइट या सनदी अधिकाऱ्याने जन्मभर जमविलेला आपला संग्रह दिल्लीच्या वस्तुसंग्रहालयाकडे सोपविला, आणि १९३६ साली दिल्लीच्या सुलतानांची नाणी व त्यांचे वजन-मान यांवर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. ह्या सूचींचा हेतू किमती सांगणे हा नव्हता. त्या ओळखीच्या पुस्तकांतील थोर पुस्तके होत.

राइट यांच्यासमोर नाणी होती, पण फेरूचे पुस्तक नव्हते. ते एका हस्तलिखिताच्या रूपाने कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथसंग्रहात पडून होते. अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्या दृष्टीस ते १९४६ साली पडले. जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानाने १९६१ साली फेरूचे ग्रंथ एकत्र छापले, आणि भंवरलाल नाहटा यांनी ‘द्रव्यपरीक्षे’चा हिंदी अनुवादही केला. तेव्हा कुठे नाणी आणि त्यांची नावे यांची साडेसहाशे वर्षांनी गाठ पडली. सूचींत ज्यांना केवळ क्रमांक होते, त्या नाण्यांना बाजारात लोक काय म्हणत, हे कळू लागले. जॉन डेयेल यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फेरूच्या कोष्टकांचा भरपूर उपयोग केला. सुलतानशाहीपूर्वीच्या उत्तर हिंदुस्थानात शुद्ध चांदीची नाणी थोडी आढळतात, म्हणून व्यापार खालावला होता, असा पूर्वीचा समज होता. मिश्र धातूच्या हिणकस नाण्यांनी तो व्यापार चांगला चालविला होता, हे डेयेल यांनी दाखविले. ज्यांना संग्राहक हातही लावत नसत, अशा काळवंडलेल्या नाण्यांनी इतिहासाचे एक पान बदलले.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. शिवराई हे तांब्याचे नाणे इतके सर्वसामान्य, की एकोणिसाव्या शतकात त्याकडे नाणे म्हणून कुतूहलाने पाहण्याचे कोणाच्या मनात येत नसे. मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे जस्टिन अॅबट यांनी त्या शतकाच्या अखेरीस चलनातल्या हजारो शिवराया तपासल्या आणि त्यांवरील अक्षरांच्या घडणीतील भेद नोंदले. किमतीच्या दृष्टीने ती रास म्हणजे तांब्याचा ढीग. नोंदीच्या दृष्टीने ती मराठी नाण्यांच्या अभ्यासाची पहिली पायरी. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सारी नाणी क्षहरात राजा नहपान याची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला. शत्रूचे नाणे न वितळविता त्यावर स्वतःची मुद्रा मारणे हा विजयाचा डंकाच होता. परंतु हा अर्थ निघाला तो सबंध साठा एकत्र तपासला गेला म्हणून. तीच नाणी सराफांकडे शंभर-शंभरांनी विकली गेली असती, तर प्रत्येकाची किंमत आली असती आणि सर्वांचा मिळून अर्थ हरपला असता.

विसाव्या शतकात किमतीच्या पुस्तकांना खरा बहर आला. लंडनच्या सीबी यांनी ब्रिटिश नाण्यांची किमतींसह सूची १९२९ साली काढली. अमेरिकेत योमन यांचे लाल वेष्टनाचे मार्गदर्शक पुस्तक १९४६ साली बाजारात आले आणि ते दरवर्षी नव्याने निघू लागले. क्राउझे आणि मिशलर यांची जगातील नाण्यांची सूची १९७२ साली निघाली. तिच्यातील क्रमांक हीच आज पुष्कळ व्यापाऱ्यांची परिभाषा झाली आहे. पौर्वात्य नाणी आणि त्यांच्या किमती यांवर मायकेल मिचिनर यांचे खंड १९७७ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झाले, आणि १५५६ नंतरच्या दक्षिण आशियाई नाण्यांचे किमतींसह मार्गदर्शक १९८१ साली आले. त्याच्या चार कर्त्यांपैकी एक डेयेल हेच होत. मराठी टांकसाळी आणि त्यांची नाणी यांवर माहेश्वरी आणि विगिन्स यांनी लिहिलेला ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केला. शिवराईची ओळख पटवावयाची तर हा ग्रंथ हाताशी असावा लागतो.

किमतीचे पुस्तक वाचण्याची एक रीत आहे. त्यात एकाच नाण्यापुढे अनेक रकाने असतात. झिजलेल्या नाण्याला एक किंमत, ठसठशीत नाण्याला दुसरी, टांकसाळीतून नुकतेच निघाल्यासारखे दिसणाऱ्याला तिसरी. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यांत कित्येक पटींचे अंतर पडते. त्यामुळे आपल्या नाण्याची प्रत ओळखता आली नाही, तर पुस्तकातील आकडा निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो. दुसरे असे की, दुर्मीळता ही नाण्याच्या अंगची वस्तू नाही. ती आपल्या माहितीची मर्यादा आहे. काल ज्या नाण्याचे तीनच नमुने ठाऊक होते, त्याचे तीनशे नमुने आज एखाद्या शेतातील मडक्यात सापडतात आणि भाव कोसळतो. म्हणून किमतीचे पुस्तक लवकर जुने होते. ओळखीचे पुस्तक सावकाश जुने होते. तरीही जुने किमतीचे पुस्तक टाकून देऊ नये. कोणत्या काळी लोकांना कशाचे अप्रूप होते, हे त्याच्याइतके प्रामाणिकपणे दुसरे कोणी सांगत नाही.

या पुस्तकांची एक काळी बाजूही आहे. आकडा छापला गेला की खोटे नाणे पाडणाऱ्याला मोल कळते. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाचे अस्सल नमुने फारच थोडे आहेत, आणि म्हणूनच त्याच्या नकला बनविण्याचा मोह मोठा. नाण्याचे वजन, त्यावरील अक्षरांचे वळण आणि ठशाची ठेवण ज्याने ओळखीच्या पुस्तकातून अभ्यासली आहे, त्यालाच अशा नकलेपासून संरक्षण मिळते. किमतीच्या पुस्तकात त्यावर उतारा नाही. साठा फोडून नाणी सुटी विकण्याचा मोहही आकड्यांनीच वाढतो. या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. आणि १९७२ च्या पुरावस्तूंसंबंधीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. साठा जसाच्या तसा अभ्यासकाच्या नजरेखालून जावा, ही या नियमांतील शहाणपणाची गोष्ट.

तेव्हा जुने नाणे हाती आले असता क्रम कोणता असावा, हे ह्या इतिहासानेच ठरवून दिले आहे. प्रथम ते घासू नये. घासल्याने लेखही जातो आणि मोलही जाते. मग ते तोलावे, लेख वाचावा, सूचीशी ताडून पाहावे आणि कोठे मिळाले ते लिहून ठेवावे. किमतीचे पान त्यानंतर उघडावे. ठक्कुर फेरूचा काळ वितळविण्याचा होता, तरीही त्याने आधी नाव लिहिले आणि मग भाव लिहिला. त्याने मांडलेले भाव मुबारकशाहाच्या राज्याबरोबर संपले. त्याने लिहिलेल्या नावांनी मात्र हौज खास आणि सिरी यांच्या परिसरात एके काळी मुशीत गेलेली नाणी, त्यांत देवगिरीचीही, पुन्हा ओळखीची करून दिली.